तिसऱ्या खेपेला जमलेली रॅव्हिओली

पातेल्यातलं पाणी तपकिरी व्हायला लागलं तेव्हाच मला कळलं, की काहीतरी मुळात चुकलंय. २४ रॅव्हिओल्या, म्हणजे सारण भरलेल्या पास्त्याच्या चौकोनी पुड्या, सोडल्या होत्या. दोन मिनिटांत त्यातल्या ९ फुटल्या, मश्रूमचं सारण पाण्यात पसरलं आणि उरलेल्या झाऱ्याने उचलताना खालून सुटत गेल्या. त्यातल्या निम्म्या माझ्या अकरा वर्षांच्या मुलीने भरल्या होत्या. ती शेजारीच उभी होती. "आई, फुटल्या त्या माझ्या की तुझ्या?" तिने विचारलं. मला सांगता येईना. फुटल्यावर सगळ्या सारख्याच दिसत होत्या.

मश्रूम रॅव्हिओली हा माझा फार आवडता पदार्थ. पातळ, जवळजवळ पारदर्शक पारी, आत गडद, मातीच्या वासाचं सारण आणि वरून क्रीमचा सॉस. पण तयार पाकिटातली आणली की आतलं सारण पेस्टसारखं मऊ निघतं आणि मश्रूम नुसता नावाला जाणवतो. मला दाताखाली येणारा, खरपूस परतलेला मश्रूम हवा होता. तो हवा तर घरीच करायला हवं, एवढ्यावर मी हे काम हातात घेतलं होतं.

पदार्थ जुना आहे. इटलीतल्या प्रातो गावचा फ्रांचेस्को दातिनी हा चौदाव्या शतकातला व्यापारी. त्याच्या पत्रांमध्ये रॅव्हिओलीचा उल्लेख सापडतो. टोमॅटो युरोपात पोहोचायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. आजही तिथे भरलेल्या पास्त्यावर अनेकदा फक्त वितळलेलं लोणी आणि सेजची पानं घालतात, कारण खरी चव आत असते. सहाशे वर्षं लोक जे हातांनी करत आलेत ते आपल्यालाही जमायला हवं, असं मला मनापासून वाटत होतं. म्हणून पहिली खेप फसल्यावर सोडून द्यावंसं वाटलं नाही, फक्त कारण हवं होतं.

माझी ताई परदेशात राहते आणि बरीच वर्षं घरी पास्ता करते. तिला फोन लावून सगळं सविस्तर सांगितलं. तिने मध्येच थांबवलं.

"पिठात पाणी घातलंस का गं?"

"थोडंसं. घट्ट वाटत होतं."

"मश्रूम परतल्यावर पाणी पूर्ण आटलं होतं?"

"बऱ्यापैकी."

"रिकोटा चीज पाणी गळायला टांगून ठेवलं होतंस?"

"नाही."

"भरून झाल्यावर किती वेळ ठेवल्यास?"

"तासभर. ताटात."

"आणि उकळी?"

"चांगली खळखळून."

ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "अगं, तुझी एकच चूक झालीय, पाच ठिकाणी. सगळीकडे पाणी."

त्या रात्री मी कागद घेऊन बसले आणि प्रत्येक जिन्नसापुढे त्यात पाणी किती, ते कुठून येतं आणि कुठे जातं, हे लिहून काढलं. पुढच्या दोन्ही खेपा त्या कागदावरून केल्या.

सुरुवात पिठापासून. अंड्याच्या पास्त्याचं सरळ प्रमाण १०० ग्रॅम पिठाला एक अंडं. मी २०० ग्रॅम मैदा आणि २ अंडी घेते. मोठं अंडं टरफल काढल्यावर साधारण ५० ग्रॅम भरतं आणि त्याचा तीन चतुर्थांश भाग पाणीच असतं. म्हणजे २०० ग्रॅम मैद्याला ७५ ग्रॅम पाणी, शेकडा ३७-३८. पावाच्या पिठात हेच प्रमाण बहुधा शेकडा ६०च्या पुढे असतं. त्यामुळे पास्त्याचं पीठ हाताला कोरडं आणि हट्टी लागणारच, ते तसंच असायला हवं. पहिल्या खेपेला तो कोरडेपणा बघून मी घाबरले होते आणि दोन चमचे पाणी घातलं होतं. गोळा लगेच मऊ झाला, मला बरं वाटलं, आणि पुढची सगळी गडबड तिथून सुरू झाली.

इटालियन पाककृतींत '००' नावाचं पीठ सांगतात. मला आधी वाटायचं, त्याशिवाय जमणारच नाही. ते दोन शून्य म्हणजे प्रथिनांचं प्रमाण नव्हे. पीठ जाळल्यावर मागे किती राख उरते यावरून इटलीत पिठाची प्रत ठरते आणि '००'मध्ये ती शेकडा ०.५५ पेक्षा जास्त नसते. म्हणजे कोंडा जवळजवळ पूर्ण काढलेलं, पांढरंशुभ्र पीठ. चांगल्या बारीक मैद्याने माझं काम अडलं नाही.

ओट्यावर मैद्याचं आळं केलं, मध्ये अंडी फोडली, काट्याने आतून बाहेर हळूहळू कालवत नेलं. पहिली तीन मिनिटं नुसता भुगा होता. हात पाण्याकडे जात होता, तो आवरला. पाचव्या मिनिटाला गोळा धरला, पण पृष्ठभाग खडबडीत. तळहाताच्या टाचेने पुढे ढकलायचं, दुमडायचं, पाव फेरा फिरवायचं, पुन्हा ढकलायचं. दहाव्या मिनिटाच्या आसपास बदल झाला. खडबडीतपणा गेला, गोळा गुळगुळीत आणि थोडा तुकतुकीत झाला आणि बोटाने दाबलेला खळगा हळूहळू भरून आला. पाणी कुठूनही आणलं नव्हतं. अंड्यातलंच पाणी पिठात सगळीकडे पोहोचायला तेवढा वेळ आणि तेवढं तिंबणं लागतं.

मग मुरवत ठेवलं, घट्ट झाकून, निदान अर्धा तास. गव्हातली ग्लायाडिन आणि ग्लुटेनिन ही प्रथिनं ओली होऊन मळताना एकमेकांत गुंततात आणि ग्लुटेनचं जाळं तयार होतं. ताजं मळलेलं पीठ लाटायला घेतलं तर हे जाळं ताणलेलं असतं, लाटणं उचललं की पारी आक्रसून परत येते. मुरल्यावर जाळं सैल होतं. उघडं ठेवलं तर मात्र वरून साल धरते आणि लाटताना तिचे कोरडे पापुद्रे पारीत शिरतात. पिठातलं पाणी पिठातच राहायला हवं, एवढंच झाकण्याचं कारण.

आता मश्रूम. यात मी सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि मला सगळ्यात जास्त आनंदही इथेच मिळाला.

मश्रूमचा ९० टक्क्यांहून अधिक भाग पाणी असतं. बाजारात पांढरं बटण मश्रूम, तपकिरी क्रेमिनी आणि मोठं पोर्टोबेलो अशी तीन नावं दिसतात, ती एकाच जातीची तीन रूपं आहेत. क्रेमिनी वाढून टोपी उघडली की पोर्टोबेलो. मी तपकिरी घेते, चव जरा दाट असते. मश्रूम धुवायचे नाहीत, ते स्पंजासारखं पाणी पितात, असं मी कायम ऐकत आले होते. या वेळी वजन करून पाहिलं. ४०० ग्रॅम मश्रूम वाहत्या पाण्याखाली झटपट धुतले, फडक्यावर झटकले आणि पुन्हा तोलले. ४११ ग्रॅम. ज्याच्या आत आधीच साडेतीनशे ग्रॅमहून जास्त पाणी आहे, त्याच्यासाठी ११ ग्रॅमची चिंता कशाला? तेव्हापासून मी निर्धास्तपणे धुते. पाण्यात भिजत मात्र ठेवत नाही.

पहिल्या खेपेला सगळे मश्रूम एकदम कढईत टाकले होते. त्यांना पाणी सुटलं, ते त्याच पाण्यात शिजले, रंग करडा झाला आणि मी गॅस बंद केला. पाणी आहे तोवर कढईतल्या मश्रूमचं तापमान १०० अंशांच्या वर जात नाही. खरपूस रंग आणि तो भाजका, मांसल वास ज्या प्रक्रियेतून येतो, तिचं वर्णन लुई-कामी मेयार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ साली केलं आणि तिला वेग येतो तो १४० अंशांच्या आसपास. म्हणजे पाणी जाईपर्यंत चव यायला सुरुवातच होत नाही.

या वेळी अर्ध्या सेंटिमीटरचे तुकडे केले आणि दोन घाणे काढले. रुंद कढई चांगली तापवली, तेल-लोणी काहीही न घालता तुकडे पसरले आणि थांबले. मला इथे कानांचा फार उपयोग झाला. आधी चर्र आवाज येतो, तो पाणी सुटलं की विझतो आणि जाड, भरल्या आवाजात रटरटायला लागतं. पाच-सहा मिनिटांनी रटरट पातळ होत जाते. मग थोडी शांतता. आणि त्या शांततेनंतर बारीक, कोरडा तडतडाट सुरू होतो. तो ऐकू आला की पाणी संपलं. आता २० ग्रॅम लोणी, बारीक चिरलेला छोटा कांदा, दोन पाकळ्या लसूण, थाइमची चार पानं. लोणी इथे घातलं की तुकड्यांना लगेच रंग धरतो. आधी घातलं असतं तर ते सुटलेल्या पाण्यातच तरंगत राहिलं असतं.

जास्त परतले तर मश्रूमचा लगदा होईल, ही भीती मनातून काढून टाकावी. बहुतेक भाज्यांच्या पेशींना धरून ठेवणारं पेक्टिन उष्णतेने विरघळतं, म्हणून त्या गळतात. मश्रूमच्या पेशीभित्ती कायटिनच्या असतात. खेकड्या-कोळंबीच्या कवचात असतं तेच कायटिन, आणि ते शिजून विरघळत नाही. अर्धा तास परतले तरी मश्रूमचा तुकडा दाताला तुकडाच लागतो. मी शेवटी परतलेले मश्रूम तोलले, ४०० ग्रॅमचे १५८ झाले होते. तो आकडा वजनकाट्यावर बघताना मला पहिल्या खेपेच्या फुटलेल्या रॅव्हिओल्यांचं कारण डोळ्यांनी दिसलं. हे बाहेर गेलेलं सगळं पाणी त्या दिवशी आत होतं.

ताज्या मश्रूमच्या जोडीला १५ ग्रॅम वाळवलेले पोर्चिनी हे रानमश्रूम घेतले. पोर्चिनीची शेती होत नाही. ते बीच, चेस्टनट, ओक, पाइन अशा जिवंत झाडांच्या मुळांशी जोडीने वाढतात, झाडाला जमिनीतलं पाणी आणि क्षार मिळवून देतात, झाडाकडून साखर घेतात. त्यामुळे जंगलात जाऊन वेचायचे आणि काप करून वाळवायचे, हाच मार्ग. वाळल्यावर वास इतका एकवटतो की पाकीट उघडलं की खोलीभर पसरतो. २०० मिली कोमट पाण्यात अर्धा तास भिजवले, पिळून बारीक चिरले आणि कढईत मिसळले. भिजवलेलं पाणी तळाला रेती सोडतं, म्हणून ते न हलवता मलमलीतून गाळून वेगळं ठेवलं. संपूर्ण पाककृतीत जपून ठेवण्याजोगं पाणी हेच एक.

रिकोटा रात्रभर मलमलीत बांधून टांगला होता, फ्रिजमध्ये, खाली वाटी ठेवून. सकाळी वाटीत चांगलं पाऊण बोट पाणी जमलं होतं. मश्रूम पूर्ण गार झाल्यावर त्यात १०० ग्रॅम रिकोटा, ४० ग्रॅम किसलेलं पार्मेझान चीज, मिरपूड, चिमूटभर जायफळ. गरम असताना मिसळलं तर वाफ रिकोट्यात अडकते आणि सारण पुन्हा ओलं होतं. मीठ मी अगदी शेवटी, भरायच्या आधी घालते, कारण मीठ घालून ठेवलेलं सारण बसल्या जागी पाणी सोडतं. चमच्याने उचलून चमचा उलटा केला तरी सारण पडलं नाही, तेव्हा समाधान वाटलं.

लाटायला माझ्याकडे यंत्र नाही, लाटणं आहे. इटलीतल्या एमिलिया-रोमान्या भागात हाताने पास्ता लाटणाऱ्या बायकांना स्फोलिना म्हणतात. त्यांचं लाटणं लांबलचक असतं आणि त्या सबंध गोळ्याची एकच मोठी चादर लाटतात. त्या भागात मोजमापाबद्दल इतकी आस्था आहे की १९७२ साली तिथल्या बोलोन्या शहराच्या व्यापार मंडळात ताल्यातेल्ले या फितीसारख्या पास्त्याची अधिकृत रुंदी, शिजल्यावर ८ मिलिमीटर, नोंदवली गेली आणि तिची सोन्यात घडवलेली पट्टी तिथे जपून ठेवली आहे. मला त्या माणसांचं मन कळतं. पारी अर्ध्या मिलिमीटरने जाड झाली तर काय होतं, ते एकदा खाऊन पाहिलं की कळतं. रॅव्हिओलीच्या कडेला दोन पाऱ्या एकावर एक येतात, म्हणजे पारीची जाडी तिथे दुप्पट होते.

मी गोळ्याचे चार भाग करते, तीन झाकून ठेवते आणि एकच लाटते. मधून बाहेर, पाव फेरा, पुन्हा मधून बाहेर. पीठ आखडायला लागलं की जबरदस्ती न करता पाच मिनिटं झाकून ठेवायचं, ते आपोआप सैल होतं. पारी पुरेशी पातळ झाली की नाही हे पाहायला छापील कागदावर ठेवते. अक्षरं वाचता आली की झालं. पहिल्यांदा ती अक्षरं दिसली तेव्हा मी मुलीला हाक मारून बोलावलं. तिने पारीतून एक सबंध ओळ मोठ्याने वाचून दाखवली.

भरण्याचं काम तिचं. अर्ध्या पारीवर चार-चार सेंटिमीटर अंतराने सारणाचे छोटे ढीग, प्रत्येकी सपाट चमचाभर, आणि उरलेली अर्धी पारी वर दुमडायची. दुसऱ्या खेपेला इथवर सगळं नीट झालं होतं आणि तरीही ४ रॅव्हिओल्या फुटल्या. सारण कोरडं होतं, कडा चिकटलेल्या होत्या, मग का? फुटलेल्या चारही भरताना फुगलेल्या होत्या, हे मुलीच्या लक्षात होतं. आत हवा राहिली होती. २५ अंशांची हवा १०० अंशांना गेली की तिचं आकारमान एक चतुर्थांशाने वाढतं, शिवाय सारणातल्या उरल्यासुरल्या पाण्याची वाफ तिच्यात भर घालते. पातळ पारीला ते सोसत नाही.

त्यामुळे तिसऱ्या खेपेला दाबण्याची पद्धत बदलली. आधी ढिगाच्या दुमडीकडच्या बाजूला बोटाची कड टेकवायची, मग दोन्ही बाजू, आणि शेवटी उघड्या बाजूने हवा ढकलत बाहेर काढून ती बंद करायची. पारी सारणाला चोळीसारखी घट्ट बसली पाहिजे. मुलीची बोटं लहान आणि तिच्याकडे धीर माझ्यापेक्षा जास्त, हे काम तिलाच चांगलं साधलं. कडेला पाणी लावायचं का, हा प्रश्न होताच. पारी ताजी असली की दहा मिनिटांच्या आत ती स्वतःच चिकटते. वाळायला लागली असेल तर ओलं बोट एकदाच फिरवायचं. जास्त पाणी लागलं की कडा चिकटण्याऐवजी एकमेकींवरून घसरतात. एका वेळी एकच पारी लाटायची, ती याचसाठी.

भरलेल्या रॅव्हिओल्या कोरड्या फडक्यावर, बारीक रवा भुरभुरून, एकमेकींना न टेकवता ठेवल्या. मैदा भुरभुरला तर तो ओल धरून चिकट होतो, आणि पाण्यात गेल्यावर खळ तयार करतो. रवा मोकळा राहतो आणि पातेल्यात तळाला जाऊन बसतो. २०० ग्रॅम मैद्यात ३८ झाल्या. सारण कितीही कोरडं असलं तरी ओल हळूहळू खालच्या पारीत उतरतेच, म्हणून दर दहा मिनिटांनी उलटायच्या आणि तासाच्या आत शिजवायच्या. नाहीतर ट्रेवर सुट्या गोठवून मग पिशवीत भरायच्या, आणि शिजवताना विरघळू न देता थेट उकळत्या पाण्यात टाकायच्या. विरघळू दिल्या की तीच ओल सुटते आणि सगळ्या मिळून एक गठ्ठा होतो.

सॉसबद्दल लिहायचं तर दुसऱ्या खेपेला तो फाटला. मी कमी स्निग्धांशाचं, २० टक्क्यांचं क्रीम घेतलं होतं, हलकं होईल म्हणून. ते चांगलं उकळवलं आणि उकळत असतानाच वरून लिंबू पिळलं. डोळ्यांदेखत बारीक गुठळ्या झाल्या आणि पाणी वेगळं पडलं. आच आणि आंबटपणा एकत्र आले की दुधातलं केसीन हे प्रथिन एकमेकांना चिकटून गुठळ्या करतं. दाट क्रीममध्ये, ३५ टक्क्यांच्या आसपास स्निग्धांश असलेल्या, प्रथिनं मुळात कमी आणि त्यातलीही बरीचशी स्निग्धाच्या थेंबांभोवती गुंतलेली असतात, म्हणून ते आटवलं तरी सहसा फाटत नाही. हलकं करायच्या नादात मी नेमका आधारच काढून घेतला होता. चव वाईट नव्हती, पण तो दाणेदार सॉस अशा पारीवर घालताना जीव तुटला.

तिसऱ्यांदा दाट क्रीम आणलं. पसरट पॅनमध्ये चमचाभर लोणी, एक छोटा कांदा अगदी बारीक चिरून, रंग न येऊ देता मऊ होईपर्यंत. मग पोर्चिनीचं गाळलेलं पाणी, साधारण दीडशे मिली, आणि ते तीन-चार चमचे उरेपर्यंत आटवलं. पॅनमध्ये गडद, जवळजवळ काळा अर्क उरतो, चाखला तर जिभेवर बराच वेळ रेंगाळतो. त्यात २०० मिली क्रीम, मंद आच, चमच्याच्या पाठीवर लेप धरेपर्यंत चार-पाच मिनिटं. एवढंच. मीठ इथे घालत नाही, कारण अर्क आटलेला आहे, पास्त्याचं पाणी खारट आहे आणि पार्मेझान यायचं आहे.

पातेल्यात ४ लिटर पाणी, लिटरला १० ग्रॅम मीठ. उकळी आल्यावर आच कमी केली, पाणी नुसतं थरथरत राहील इतकी. खळखळत्या पाण्यात रॅव्हिओल्या एकमेकींवर आणि पातेल्याच्या भिंतीवर आपटतात, आणि एवढ्या मेहनतीने लावलेल्या कडा तिथे उघडतात. दहा-बारा करून सोडल्या. मिनिटभरात वर आल्या. मुलगी म्हणाली, "झाल्या!" पण वर येणं म्हणजे शिजणं नव्हे. आतली हवा-वाफ त्यांना वर उचलते, दुहेरी कड तेव्हा कच्चीच असते. एक काढून तिची कड चावून पाहिली, मध्ये पांढरी रेघ होती. अजून दोन मिनिटं दिली. एकूण चार मिनिटं लागली.

झाऱ्याने उचलून, निथळून, थेट सॉसच्या पॅनमध्ये. चाळणीत ओतायच्या नाहीत, स्वतःच्या वजनाने फाटतात. सोबत अर्धी वाटी पास्त्याचं पाणी घातलं. इथे मात्र पाणी हवं असतं. त्यात पारीतून सुटलेला स्टार्च असतो, तो लोणी-क्रीमला एकजीव ठेवतो आणि सॉस पारीवर पातळ लेपासारखा बसतो. चमच्याने न ढवळता पॅन हलक्या हाताने फिरवला. गॅस बंद केला, मिनिटभर थांबले, मग ३० ग्रॅम बारीक किसलेलं पार्मेझान. कडक आचेवर घातलं तर त्याच्या तारा आणि गोळे होतात. शेवटी मिरपूड आणि लिंबाच्या सालीचा कीस. रस नाही घातला, सालीचा वास पुरतो आणि आंबटपणाचा धोका राहत नाही.

तीन ताटल्यांत वाढल्या. पहिली रॅव्हिओली मी काट्याने मधोमध कापली. पारी आधी थोडी ताणली गेली आणि मग सुटली. आतलं सारण जागेवरच राहिलं, गडद, दाणेदार, आणि भोवतीचा सॉस हळूहळू त्याच्याकडे सरकला. तोंडात आधी क्रीम आलं, मग पारीचा हलकासा ताण, आणि मग मश्रूम, खरोखर दाताखाली येणारे तुकडे. मुलगी आधी चारी कडा खात होती आणि पोट शेवटी ठेवत होती. तिच्या बाबांनी दुसऱ्यांदा वाढून घेतल्या आणि मग ताईला पाठवायला फोटो काढायचा राहिला हे आम्हाला आठवलं, तेव्हा पॅनमध्ये पाचच उरल्या होत्या. त्यांचाच काढला.

जेवणं झाल्यावर मी पातेलं रिकामं करायला उचललं. पाणी थोडं दुधट झालं होतं, तळाला रवा बसला होता. झाऱ्याने तळापासून एकदा ढवळून पाहिलं. मश्रूमचा एकही कण वर आला नाही.